विमान पडते तेव्हा विमानवाले काय करतात

१२ जून २०२५. बकरी ईद होऊन पाच दिवस झाले होते आणि आम्ही महाडजवळच्या एका गावात साखरपुड्याला गेलो होतो. कुवेत, दोहा, शारजाहून ईदला आलेली मंडळी अजून गावातच होती, म्हणून तर तारीख तीच धरली होती. दस्तरखान अंथरला जात होता तेवढ्यात एकेकाचे फोन वाजू लागले. अहमदाबादेत लंडनला निघालेले विमान उडाल्याबरोबर पडले होते.

आमच्या कोकणातल्या घरांत अशी बातमी आली की बायका आधी मनातल्या मनात हिशेब करतात: आज आपले कोण हवेत आहे? कोणाचे तिकीट कधीचे आहे? तो हिशेब झाला, आपले कोणी नाही हे ठरले, ‘इन्ना लिल्लाह’ म्हणून झाले, आणि मग पुरुषांच्या बैठकीत चर्चा सुरू झाली. ताटे येईपर्यंत एका बुजुर्गांनी पायलटची चूक ठरवूनही टाकली होती. दुसरे म्हणत होते पक्षी आडवे आले असणार. तिसऱ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या तरी ‘तज्ज्ञाचा’ व्हिडिओ आलाही होता.

त्याच घरात आमच्या चुलत बहिणीचा मुलगा होता. तो एका देशी कंपनीत को-पायलट आहे. एरवी विमानाचा विषय निघाला की त्याला गप्प करावे लागते. त्या दिवशी तो उठून मागच्या पडवीत गेला. आम्ही पाहायला गेलो तर तो फोनवर होता, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता, “कुठे आहेस? उतरलास का?” अपघात त्याच्या कंपनीच्या विमानाचा नव्हता, ज्यांना तो विचारत होता त्यांतले निम्मे त्या विमान प्रकाराचे पायलटही नव्हते. तरी तो यादीतली नावे संपेपर्यंत विचारत राहिला. मग फोन ठेवून म्हणाला, “मामू, आत सगळ्यांना सांगाल का, आज मला काही विचारू नका म्हणून?”

आम्ही सांगितले. पण आमच्या मनात तो प्रश्न राहून गेला. अपघात झाला की आपण सगळे बोलू लागतो आणि ज्यांना खरे काही कळते ते गप्प होतात, असे का? पुढच्या महिन्यांत आम्ही त्याच्याशी थोडे थोडे बोललो, अपघातांचे जाहीर झालेले चौकशी अहवाल समजतील तेवढे वाचले. ते इथे मांडतो आहोत. आपल्या घरांतून वर्षाला जितकी माणसे विमानात बसतात, नोकरीला, उमराहला, बाळंतपणाला मुलीकडे, तितकी फार थोड्या समाजांतून बसत असतील. विषय आपला आहे.

पहिली गोष्ट भाच्याने सांगितली ती अशी की विमानवाले गप्प असतात म्हणजे त्यांना उत्सुकता नसते असे नाही. उलट अपघाताचा अहवाल आला की ते तो अधाशासारखा वाचतात. ट्रेनिंगमध्ये जुन्या अपघातांवर तास घेतले जातात. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये, तेच प्रसंग उभे केले जातात. “आमची अर्धी नियमावली मेलेल्यांनी लिहिली आहे,” असे तो म्हणाला. हे वाक्य त्याचे नाही, या धंद्यात सगळेच तसे म्हणतात. पण अहवाल आणि अफवा यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो, कारण अफवा उद्या त्यांच्या नावावर येऊ शकते.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या माणसांचेच आहे.

७ ऑगस्ट २०२०. कोरोनाचा काळ. आखातात नोकऱ्या गेलेली, व्हिसा संपलेली, गरोदर, आजारी अशी माणसे ‘वंदे भारत’ मोहिमेतून घरी आणली जात होती. दुबईहून कोझिकोडला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. संध्याकाळी मुसळधार पावसात विमान करीपूरच्या धावपट्टीवर उतरले, थांबले नाही, टोकापलीकडे उतारावरून खाली गेले आणि त्याचे तुकडे झाले. २१ माणसे गेली, त्यांत दोन्ही वैमानिक होते. आग लागली नाही हा मोठाच दिलासा, नाहीतर आकडा कुठच्या कुठे गेला असता.

करीपूरची धावपट्टी डोंगर कापून केलेली आहे. मेजाच्या फळीसारखी वर सपाट आणि कडेला खोल. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात. खाली कोंडोट्टीची वस्ती आहे. तिथली मुस्लिम मुले, रिक्षावाले, दुकानदार आवाज ऐकून धावले. समोरच्या माणसाला कोरोना असेल की नाही हे कोणी विचारले नाही. स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेले. आईवडिलांपासून सुटलेल्या लहान लेकरांना उचलून घेतले. त्याच रात्री रक्त द्यायला दवाखान्यांसमोर रांगा लागल्या. मग हीच सगळी मंडळी विलगीकरणात गेली. पुढे बचावलेल्या प्रवाशांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी मिळालेल्या भरपाईतून पैसे काढून तिथल्या सरकारी दवाखान्याला इमारत बांधून द्यायचे ठरवले. ही हकिकत केरळमधल्या घराघरांत सांगितली जाते, आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पण आम्हाला सांगायचे आहे ते कॉकपिटबद्दल. कॅप्टन दीपक साठे हे मूळ नागपूरचे, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. अपघातानंतर एक-दोन दिवसांत एक मजकूर सगळीकडे फिरला: त्यांनी आकाशात तीन फेऱ्या मारून इंधन संपवले, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केले आणि स्वतःचा जीव देऊन सगळ्यांना वाचवले. लाखो लोकांनी तो पुढे पाठवला. आम्हीही पाठवला होता, हे कबूल करतो. दुसऱ्या बाजूला, नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनी टीव्हीवर बोलताना मृत वैमानिकांचा उल्लेख अशा शब्दांत केला की वैमानिकांच्या दोन संघटनांनी थेट मंत्र्यांना पत्र लिहून त्यांना पदावरून काढा अशी मागणी केली. चौकशी नीट सुरूही झाली नव्हती. एकीकडे शहीद, दुसरीकडे गुन्हेगार.

विमानवाल्यांना यांतले काहीच मान्य नव्हते. शौर्याची ती गोष्टही त्यांनी उचलून धरली नाही, हे आम्हाला नवे होते. वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये, अहवाल आला. त्यात लिहिले होते की विमान साधारण पावणेनऊ हजार फुटांच्या धावपट्टीवर जवळजवळ निम्म्यावर जाऊन टेकले. मागून वारा होता. को-पायलटने ‘गो-अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. ते ऐकले गेले नाही, आणि त्यानेही स्वतः ताबा घेतला नाही. अहवालाने वैमानिकाने ठरलेली पद्धत सोडली हेच संभाव्य कारण दिले. पण तो तिथे थांबला नाही. कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर पावसात नीट चालत नव्हता. कोझिकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते, आणि याच कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच दुसरे विमान न्यायचे होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर ते सकाळचे उड्डाण अडचणीत आले असते. ओल्या धावपट्टीवर, मागून वारा असताना तिथे उतरू देऊ नका, असा लेखी इशारा सुरक्षातज्ज्ञ कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच दिला होता.

भाचा म्हणाला, “माणूस चुकला हे शेवटचं पान आहे मामू. आम्ही पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो.”

अपघातानंतर करीपूरला मोठी विमाने बंद झाली. त्याची झळ कोणाला बसली? मलबारच्या हाजींना. छोट्या विमानांतून नेताना तिथले भाडे शेजारच्या कन्नूरपेक्षा कितीतरी जास्त पडू लागले आणि त्यावरून बरीच ओरड झाली. ओरड रास्तच होती. पण धावपट्टीच्या टोकाला जास्तीची मोकळी जागा हवी, त्यासाठी जमीन हवी, हा मुद्दा कितीतरी वर्षे पडून होता, आणि त्यासाठी तेवढ्या जोरात कोणी ओरडले नव्हते.

कोझिकोडच्या आधी दहा वर्षे, २२ मे २०१० ला, मंगळूरला जवळजवळ हेच घडले होते. तेही दुबईहून आलेले, तेही एक्स्प्रेसचेच विमान, तीही टेबलटॉप धावपट्टी. १६६ पैकी १५८ माणसे गेली. कासरगोड, भटकळ, उडुपी या पट्ट्यातल्या अनेक मोहल्ल्यांत त्या दिवशी जनाजे उठले. ब्लॅक बॉक्समध्ये जे सापडले ते अंगावर काटा आणते: कॅप्टन कॉकपिटमध्ये दीड तासाहून जास्त वेळ झोपलेले होते, घोरण्याचा आवाज टेपवर होता. उतरायच्या थोडे आधी ते जागे झाले. अर्धवट झोपेतल्या माणसाचा अंदाज चुकतो, तसा चुकला. तिथेही को-पायलटने ‘गो-अराउंड’ म्हटले होते. तिथेही वयाने आणि हुद्द्याने मोठा असलेल्या माणसापुढे ते शब्द कमी पडले.

मोठ्यांसमोर ‘नाही’ म्हणायचे कसे, हा प्रश्न आपल्या घरांतला आहे. विमानात त्याच्यासाठी वेगळे ट्रेनिंग द्यावे लागते. कोणत्या शब्दांत बोलायचे, किती वेळा बोलायचे, आणि त्यानंतरही ऐकले नाही तर “आय हॅव कंट्रोल” म्हणून ताबा कधी घ्यायचा, हे को-पायलटकडून अक्षरशः घोटून घेतले जाते. आमची बहीण मुलाबद्दल तक्रार करते की पायलट झाल्यापासून तो उलट बोलायला शिकला आहे. आम्ही तिला मंगळूरची गोष्ट सांगितली.

आणि झोपेचे काय? वैमानिकांच्या संघटना विश्रांतीच्या नियमांसाठी वर्षानुवर्षे भांडत होत्या, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेले. मग नवे नियम आले आणि २०२५ मध्ये जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, मध्यरात्रीनंतरच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २. डिसेंबरच्या सुरुवातीला देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला हे वेळापत्रक जुळवता आले नाही आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर लोक जमिनीवर झोपले, लग्ने चुकली. सरकारने मग त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. वैमानिकांच्या संघटनांनी या सवलतीला विरोध केला. आम्हीही त्या आठवड्यात मुंबईच्या विमानतळावर सहा तास बसून चडफडत होतो. सगळे कंपनीला शिव्या देत होते आणि काही जण पायलट लोकांनाही. मंगळूरच्या टेपची आठवण तिथे कोणाला नव्हती, आम्हालाही नव्हती. ती घरी आल्यावर झाली.

हेलिकॉप्टरचे जग आणखी वेगळे. तिथे माणसे थोडी, त्यामुळे जो जातो त्याला बहुतेक सगळे नावाने ओळखत असतात. अहमदाबादनंतर तिसऱ्याच दिवशी, १५ जूनच्या पहाटे, केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडच्या जंगलात पडले. सातही जण गेले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक जोडपे आणि त्यांची दोन वर्षांचीही नसलेली मुलगी होती. चारधाम यात्रा सुरू झाल्यापासूनच्या साधारण सहा आठवड्यांतली ती हेलिकॉप्टरची पाचवी घटना होती. ८ मेला गंगनानीजवळ सहा जण गेले होते.

केदारनाथची दरी अरुंद आहे. हेलिकॉप्टरवाला तिथे डोळ्यांनी उडवतो, खालचा रस्ता आणि नदी पाहत. ढग आत शिरला की काही दिसत नाही, आणि वळायला जागा नसते. डोंगर तर जागचा हलत नाही. पुण्याजवळ बावधनला २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी धुक्यात तीन जण गेले, तिथेही टेकड्याच होत्या. जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टरही डिसेंबर २०२१ मध्ये निलगिरीत अचानक आलेल्या ढगात शिरून डोंगराला धडकले असे चौकशीत निघाले.

१५ जूननंतर दोन दिवस यात्रेतली सेवा बंद ठेवली गेली. त्याच सुमारास खराब हवेत उड्डाण केले म्हणून दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. नियम मोडला, शिक्षा झाली, ठीकच. पण पाच-सात मिनिटांच्या फेऱ्या, खाली रांगेत ताटकळणारे यात्रेकरू, आधीच घेतलेले पैसे आणि कंपनीचा फोन, या सगळ्यांत “हवा नाही, मी जात नाही” असे म्हणणाऱ्या माणसाच्या मागे कोण उभे राहते, हा प्रश्न वैमानिकच विचारतात. ग्राहकाने रागावू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

नोव्हेंबरमध्ये आणखी एक अपघात झाला, तो आपल्यापैकी कितीतरी जणांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. २१ नोव्हेंबरला दुबईच्या एअर शोमध्ये भारतीय हवाई दलाचे तेजस विमान कसरत करताना कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. ते हिमाचलमधल्या कांगड्याचे. काही वेळाने शो पुन्हा सुरू झाला. तेव्हा अमेरिकेच्या एफ-१६ पथकाने आपली शेवटची कसरत रद्द केली, गेलेल्या सहकाऱ्याच्या आदरासाठी. पथकप्रमुखाने नंतर उघडपणे लिहिले की शो चालूच राहिला हे पाहून आपल्याला धक्का बसला. दुसऱ्या देशाचा माणूस, दुसऱ्या बनावटीचे विमान, कदाचित ओळखही जुजबी. भाच्याने पडवीतून केलेले ते फोन आम्हाला तेव्हा आठवले.

आता पुन्हा अहमदाबाद. विमानातले २४२ पैकी २४१ आणि खाली वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृह परिसरातले १९, अशी २६० माणसे गेली. विमानातल्या कर्मचाऱ्यांत डोंबिवली, न्हावा, पिंपरी-चिंचवड इथली मुले-मुली होती. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उडाल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकामागून एक ‘बंद’वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, बंद का केलेस? दुसरा म्हणतो, मी नाही केले. कोण कोणाला म्हणाला ते अहवालात नाही. स्विच का हलले तेही नाही. दहाएक सेकंदांत ते पुन्हा ‘चालू’वर आणले गेले, पण उंची उरली नव्हती.

एवढ्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी आणि आपल्या वाहिन्यांनी कॅप्टन सुमीत सभरवाल यांच्या मनात काय चालले होते ते सांगायला सुरुवात केली. वैमानिकांच्या संघटना खवळल्या. वैमानिकाने जाणूनबुजून केले असे पुराव्याशिवाय सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे, असे त्यांनी जाहीर केले. एका महासंघाने परदेशी वृत्तसंस्थांना कायदेशीर नोटीस धाडली. कॅप्टनचे वडील ९१ वर्षांचे, त्यांनी महासंघासोबत सुप्रीम कोर्टात स्वतंत्र चौकशीची मागणी केली. ७ नोव्हेंबरला न्यायमूर्तींनी त्यांना सांगितले की मुलाला दोष दिला जातो आहे हे ओझे त्यांनी वाहू नये. ज्या वयात मुलाने बापाला खांदा द्यायचा, त्या वयात हा बाप मुलाची अब्रू सांभाळायला कोर्टात जातो आहे.

आणि एक आकडा, ज्यावर फारसे कोणी बोलले नाही. लोकसभेत हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी सांगितले की अपघातानंतर चौथ्या दिवशी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. हे नुसते अंगदुखीचे आजारपण नसणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही. २०२३ मध्येच सरकारने कंपन्यांना वैमानिकांच्या मनाच्या स्वास्थ्यासाठी सहकाऱ्यांचे मदत गट तयार करायला सांगितले होते. म्हणजे पायलटचे दुखणे पायलटनेच ऐकायचे. अडचण अशी की मनाचे काही आहे असे कागदावर आले तर परवाना जाईल ही भीती प्रत्येकाला असते, मग माणूस बोलतच नाही. घराचे हप्ते, ट्रेनिंगचे कर्ज, बहिणीचे लग्न. आखातात राबणारा आमचा भाऊ जशी छातीतली कळ फोनवर सांगत नाही, तसेच हे.

आम्ही भाच्याला विचारले, त्या दिवसानंतर तू कोणाशी बोललास? तो म्हणाला, एका सीनियर कॅप्टनशी. त्यांनी काही सल्ला दिला नाही. चहा पाजला आणि पाऊण तास ऐकत बसले. पुढच्या आठवड्यात दोघांची ड्यूटी एकत्र लागली, तेव्हा टेकऑफनंतर चाके आत घेईपर्यंत कोणी एक शब्द जास्तीचा बोलले नाही.

त्याची अम्मी, आमची बहीण, अजूनही प्रत्येक ड्यूटीनंतर फोन करते. फार बोलत नाही. “उतरलास?” एवढेच. परवा आम्ही तिच्याकडे बसलो होतो तेव्हा त्याचा फोन उशिरा आला. तिने स्पीकरवर टाकला. “उतरलो अम्मी. खूप वारा होता, एकदा वर घेऊन पुन्हा यावं लागलं. वीस मिनिटं गेली.” मग हसून म्हणाला, “उतरताना एक काका माझ्याकडे बघून म्हणाले, नीट चालवता येत नाही का तुम्हाला? माझी कनेक्टिंग चुकली.”